सतरा कोंब चालत गेले

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी चाळीस हजार गवताच्या कोंबांची रोज सकाळी हजेरी घेत होतो, आणि एक दिवस त्यांतले सतरा कोंब उठून माळावरून चालत गेले. वाऱ्यानं उडाले नाहीत, पाण्यानं वाहिले नाहीत. चालले. हसा, खुशाल हसा. पण ईश्वरा, हसताना कातर आवर. मेंढीच्या कातडीला चिमटा बसतोय.

तर ईश्वरानं विचारलं, "तात्या, दर साली तुमची अन् भिवा कोळेकराची कातरणी या लिंबाखालीच एकत्र होती. औंदा भिवा कुठाय?"

प्रश्न सरळ आहे. उत्तर तेवढं सरळ नाही. महिपत, तूही ऐक. तुम्ही दोघे परगावचे कातरकरी, वाडीतली गोष्ट तुमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं आलेली असणार. ती तिकडे लोकर निवडत बसली आहे ना, माझी बायको सोजर, तिला मात्र यातलं काही विचारू नका. भिवा तिचा सख्खा भाऊ. भाऊबीजेला तो आला नाही, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. "मीठ दिवू का," "पाणी तापलंय," एवढंच.

चार वाजता गवतबाई यादी घेऊन येणार आहेत. हिंगणमाळाचं गायरान तीस वर्षं चारायला कुणाकुणाला मिळणार, त्यांची ती यादी. अकरा घरं आहेत. अंगठे उठले की यादी बंद. तीस वर्षांत कुणाला आत घ्यायचं नाही, कुणाला काढायचं नाही. भिवाचं घर त्यात नाही. आणि गायरानाशिवाय ऐंशी मेंढरं घेऊन माणसानं राहायचं कुठं? तो तळ उठवून जाणार. उद्या-परवा जाईल म्हणतात.

मी काय करणार? केलं ते यंत्रानं केलं.

तुम्ही दर साली कातरून लिंबाखालूनच परत जाता, दोन वर्षांपूर्वीचा हिंगणमाळ तुम्ही पाहिलेला नाही. नुसते दगड, आणि दगडांच्या मधे कुसळ. आमच्या आज्याच्या वेळी तिथं पवन्या गुडघ्याला लागायचा, मारवेल असायचं. पुढं मेंढरं वाढली, पाऊस घटला, माती गेली. मग एक कंपनी आली. सगळा माळ तारेनं वेढून सूर्याची वीज काढायची म्हणाली. जिल्ह्याच्या समितीनं आम्हाला एक संधी दिली: गवत उगवून दाखवा. चाळीस हजार बिया पेरा, दसऱ्याला त्यांतले दहा हजार कोंब जिवंत दाखवा, गायरान तुमचं. एक जरी कमी भरला तर कंपनीचं.

गवत उगवायचं म्हणजे काय अवघड, असं वाटलं सगळ्यांना. मग डॉक्टर यामिनी दाबके आल्या, याच आमच्या गवतबाई. पायात बूट, डोक्याला रुमाल, गळ्यात भिंग. बिरोबाच्या देवळापुढं बसून त्यांनी मला विचारलं, "तात्या, माळावर पवन्याच्या शंभर बिया टाकल्या तर गवताची ठोंबं किती होतात?"

मी म्हणालो, "ऐंशी. वाईट साल असलं तर साठ."

"दोन," बाई म्हणाल्या. "चांगलं साल असलं तर."

मी त्या दिवसापासून त्यांच्यावर संशय घ्यायला लागलो. एवढं शिकलेलं माणूस एवढं वाईट कसं बोलेल? पण त्यांनी काचेच्या पेटीत माती भरून दाखवलं. बी रुजतं, त्यात अडचण नाही. पहिला पाऊस झाला की शंभरातल्या ऐंशी बिया रुजतातच. मरण येतं ते पुढं. एक म्हणजे, पावसाच्या थेंबांनी बारीक माती बसते आणि वर ऊन पडलं की तिची खपली होते, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. खालून कोंब येतो आणि त्या खपलीला डोकं लावून आतच मरतो. आपण म्हणतो बी वांझ निघालं. बी वांझ नसतं, ते दाराशी येऊन मेलेलं असतं. आणि दुसरं म्हणजे, जो कोंब वर येतो त्याला सुरुवातीला मूळ एकच असतं, दोऱ्यासारखं. बुडख्यापाशी दुसरी मुळं फुटायला वरची माती सलग दोन-तीन दिवस ओली लागते. ती फुटली तर गवत, नाही तर त्या एका दोऱ्यावर किती दिवस लोंबकळणार?

"म्हणून आपण प्रत्येक बीला एक कान लावणार आहोत," बाई म्हणाल्या.

बघा, आता इथून विश्वास ठेवायचा सोडून द्या.

त्यांनी गोळ्या आणल्या, हरभऱ्याएवढ्या. चिकणमाती, थोडं लेंडीखत, आत एक बी, आणि बीला चिकटवलेला एक कण. खसखशीपेक्षा बारीक. तो कण म्हणजे कान. मातीत ओल असते, ओलीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्या जिवांच्या जगण्यातून जी चिमूटभर वीज निघते तिच्यावर तो चालायचा. वर्षभरानं स्वतःच विरघळायचा. मूळ पाणी ओढतं तेव्हा बारीक कट्‌कट् होते, ती त्याला ऐकू यायची. ते ऐकून तो माळाच्या मधल्या खांबाला कळवायचा, आणि खांब माझ्या फोनला. राखणदार मी होतो ना! बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "नकाशा फक्त तुम्हाला दिसेल, आणि संध्याकाळी पुसला जाईल. माझ्याकडे नुसते आकडे येतील. किती जिवंत, किती मेले, कशानं मेले."

कशानं, हेही सांगायचा तो कान. वाळला. दबला. चावला.

रोज सकाळी सहाला मी माळावर उभा राहायचो आणि हजेरी सुरू व्हायची. हिरवा ठिपका म्हणजे हजर. पिवळा म्हणजे तहानलेला. लाल म्हणजे गेला. ईश्वरा, मी शाळेत कधी हजर नव्हतो, आणि या वयात चाळीस हजार पोरांचा मास्तर झालो. एक कोंब तर रोज सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा, त्याला मी मॉनिटर केला होता.

"आता ही लोणकढी झाली तात्या," महिपत म्हणतो.

असू दे. पण हे खोटं नाही: त्या यंत्रानं वाडीचं डोकं फिरवलं. पूर्वी माळावर एखादं रोप खाल्लेलं दिसलं की आपण म्हणायचो, ससा असेल. आता फोन सांगायचा, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चावला. मग दोन वाजून दहा मिनिटांनी कोण कुठं होतं, याची चौकशी. लवट्यांची शेळी खुंट्याला होती का? पिश्यांची म्हातारी सरपणाला कुठल्या बाजूला गेली होती? लोक माझ्याकडे येऊन हळूच विचारायचे, "तात्या, आमच्याकडं बोट न्हाय ना?" बरं वाटायचं. का खोटं बोलू.

मग मीच बैठकीत एक नियम सुचवला. दसऱ्यापर्यंत ज्याच्या जनावरानं कोंबाला तोंड लावलं, त्याचं घर यादीतून बाद. सगळ्यांनी मान डोलावली. भिवा एकटा म्हणाला, "दाजी, जनावर हाय ते. कागद वाचून चरत न्हाय." मला तेव्हाच त्याचा संशय आला होता. ज्याला नियम टोचतो, त्याच्या मनात काय असतं?

जून बरा गेला. जुलैत अडीच हजार गेले, वाळून. मग पावसानं ओढ दिली, आणि ठिपके हजारांनी लाल होत गेले. श्रावणाच्या शेवटी एक मोठी सर आली, तासभर, ताशा वाजवल्यासारखी. गोळ्या फुगल्या, उरलेल्या बिया एकदम रुजल्या. मी नाचलो माळावर. आणि दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की विचारू नका. तिसऱ्या दिवशी खपली. पाय ठेवला तर करकर वाजायची.

फोनवर नऊ हजार ठिपके पिवळे. मेलेले नाहीत, पण वरही येत नाहीत. वर तेव्हा हिरवे होते ते चार हजार. बाईंना फोन लावला.

"ते खपलीखाली आहेत, तात्या," बाई म्हणाल्या. "दोन दिवस. फार तर अडीच."

"हातानं फोडू का खपली?"

"नऊ हजार ठिकाणी? आणि खुरपं लागलं तर कोंबच तुटेल. पाऊस आला तरच."

पाऊस येणार नव्हता, हे त्यांच्याही फोनवर दिसत होतं. चार हजार हिरव्यांवर दहा हजार होत नाहीत, एवढं गणित मलाही येतं. म्हणजे गायरान गेलंच होतं.

आणि दुसऱ्या दिवशी तो सोमवार आला.

सोमवारी म्हसवडचा बाजार. सोजर बाजाराला गेली होती, निम्मी वाडी गेली होती. मी राखणीवर. दुपारची वेळ. मी बाभळीखाली बसलो होतो. जागा होतो. डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आम्ही कुठं म्हटलं लागला हुता?" महिपत म्हणतो.

नाही म्हटलंस, पण म्हणशील, म्हणून सांगतो. जागा होतो. फोन थरथरला. चावला. चावला. चावला. असे सतरा. आणि गंमत पुढंच आहे. कोंब मेला की कान गप्प होतो, असं बाईंनी सांगितलं होतं. हे सतरा गप्प झाले नाहीत. उलट मोठ्यानं बोलायला लागले! आणि हलायला लागले.

माळावर कुणी नाही, आणि नकाशावर गवत चालतंय.

नंतर बाईंनी उलगडून सांगितलं. कान चालतो ओलीवर आणि बारीक जिवांवर. मेंढीच्या पहिल्या पोटात काय असतं? ओल आणि बारीक जीव, मातीत असतात त्याच्या हजारपट. कोंबाबरोबर कान पोटात गेला आणि त्याला सणाचं जेवण मिळालं. दिवसभर तो मेंढीच्या पोटातून ओरडत होता, "हजर! हजर!" बाईंनी हे आधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तर ते ठिपके चालत चालत पूर्वेला गेले. पूर्वेला कुणाचा तळ? भिवाचा. पश्चिमेला माझा. माळाला लागून तळ दोनच.

"तुमची मेंढरं त्या वक्ताला कुठं हुती वो तात्या?" ईश्वरा विचारतो.

वाघरीत. जाळीच्या आत, बंद. ओला चारा टाकला होता पुढं. बाजाराच्या दिवशी सोजर नसते, म्हणून मी सोडतच नाही. हे विचारायचं कारण काय? कातर चालव.

रविवारी देवळापुढं बैठक बसवली. सगळ्यांच्या देखत मी भिवाला म्हणालो, "भिवा, तुझ्या मेंढरांनी कोंब खाल्ले."

तो म्हणाला, "न्हाय खाल्लं. म्या ओढ्याच्या पल्याड हुतो."

"कुणी बघितलं?"

"कुणी न्हाय. मेंढरांनी."

लोक हसले. भिवा हसला नाही. उठून गाभाऱ्यात गेला, बिरोबापुढचा भंडारा मूठभर उचलला आणि बाहेर येऊन सगळ्यांपुढं बोलला, "माझ्या मेंढीनं येक पातं जरी खाल्लं आसंल, तर माझा मेंढवाडा बसंल, येक जनावर उरायचं न्हाय."

ईश्वरा, तुला माहीत आहे आपल्यात भंडारा उचलला की बोलणं संपतं. माझ्या बापानं भंडाऱ्यावर एक भांडण मिटवलं होतं, परत कुणी त्यावर ब्र काढला नाही. पिश्यांची म्हातारी म्हणाली, "झालं, उठा आता." निम्मे उठलेसुद्धा.

तेव्हा मी फोन वर केला. म्हणालो, "माणूस देवाशी खोटं बोलेल, यंत्राशी बोलता येत नाही. या यंत्राला मेहुणा नाही, सोयरा नाही. ठिपके पूर्वेला गेले ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले."

माणसं परत बसली. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं तर कळत होतं, देवाची भीती आहे, पण गायरान जायची भीती जास्त आहे. कुणी तरी म्हणालं, "यंत्र कशाला खोटं बोलंल?" भिवानं हात झटकला. भंडारा सगळा त्याच्या धोतरावर सांडला. माझ्याकडे बघितलंही नाही. सोजरकडे बघितलं आणि म्हणाला, "आक्का, तुला बी तसंच वाटतंय?"

सोजर काय बोलणार? तिनं नकाशा बघितला नव्हता. कुणीच बघितला नव्हता, तो त्या संध्याकाळीच पुसला गेला होता. मी सांगितला तेवढाच.

आता खरी मजा ऐका. बैठकीच्या आधीच, गुरुवारी, बाई आल्या होत्या. माळ बघून त्या खालीच बसल्या. जिथून मेंढरं गेली होती तिथं खुरांनी खपलीचा भुगा झाला होता, आणि प्रत्येक खुराच्या ठशात दोन-दोन, चार-चार कोंब उभे! ठशाच्या खळग्यात रात्रीचं दव साचत होतं, ओल टिकत होती. आठवड्यानं त्यांना दुसरी मुळं फुटली. नऊ हजारांतले सात हजार वाचले. दसऱ्याच्या हजेरीला अकरा हजार आणि वर चाळीस. गायरान आपलं!

बाई मला म्हणाल्या, "तात्या, सतरा कोंब गेले आणि सात हजार आले. ज्याची कुणाची मेंढरं असतील, त्याला मी हार घालीन. खूर हलके हवेत, घाईनं पळायला हवेत, एकदाच जायला हवेत. मला हे प्रयोगात जमलं नसतं."

"मंग भिवाला हार घालायचा सोडून बाद का केला?" महिपत कातर थांबवून विचारतो.

नियम म्हणजे नियम. त्याच्या हातून चांगलं झालं, पण ते चोरीनं झालं. आणि वर भंडारा उचलून खोटं बोलला, त्याचं काय? ते मी विसरलो तरी वाडी विसरणार नाही.

"पर तात्या, राग मानू नगा," महिपत म्हणतो. "ठिपक्याला काय नाव न्हाय, कानात बिल्ला न्हाय. पूर्वेला गेलं म्हंजी भिवाचंच कशावरनं? पूर्वेच्या वाटंनं लवट्यांची बी जात्यात. येका माणसाचं घर बाद करायचं, अन् कशावर? ठिपक्यांवर?"

महिपत, तू लोकर कातरतोस, मेंढरं राखत नाहीस. म्हणून तुला असं वाटतं. अरे, सतरा ठिपके, पण ते चार पोटांत होते; बाकीचा कळप नुसता तुडवत गेला. चार झुबके. आणि धनगराला मेंढी ओळखायला तोंड बघावं लागत नाही. अंधारात नुसत्या पावलांवरून सांगतो आम्ही. चार ठिपके चालताना दिसले की झालं. तुला सांगतो, असे दिसत होते की मी आत्ताही हातानं काढून दाखवीन. हे बघ, या मातीत.

सगळ्यात पुढं एक. ती दहा पावलं झपाझप जायची आणि थांबायची, मागं वळायची, बाकीच्या आल्या की नाही बघायची, मग परत दहा पावलं. तिच्या मागं दोन, एकमेकींना चिकटून, एकच मेंढी वाटावी अशा. एक डावीकडे सरकली की दुसरी डावीकडे. आणि सगळ्यात मागं चौथी. तिची चाल बघायची होती तुम्ही! तीन पावलं टाकायची, चौथ्याला उजवीकडे झोल जायचा, मग थांबायची. तीन पावलं, झोल, थांबली. हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हालाच सांगतो. अशी मेंढी शंभर कळपांत एक असते. आता सांग महिपत, ओळखायला आणखी काय पाहिजे?

"चवथी कशी चालत हुती?"

हे महिपतनं विचारलं नाही. सोजरनं विचारलं. ती उठून कधी आली ते मला कळलं नाही. मांडीवरची लोकर तिच्या पायांशी पडली होती.

अगं, तीन पावलं आणि झोल. उजवीकडे. तू बस, तुझी लोकर वाऱ्यानं उडतेय.

"अन् म्होरली मागं वळून बगत हुती?"

हो. दर दहा पावलांनी. पण सोजर, तुला यातलं —

"ईश्वरादादा, कातर ठिवा खाली. महिपतदादा, तुमी बी ऐका," सोजर म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून. "म्होरली ती खैरी. तिला कळपाची काळजी हाय म्हणून ती वळून बगती. त्या दोगी जुळ्या, येका आईच्या. अन् तीन पावलांनी झोल जातीय ती माझी भोरी. वासरागत हातावर दूध पाजून म्या वाढीवलीया तिला, खुब्यातनं निखळली हुती तवा म्याच बांधली हुती. भिवाच्या कळपात असली येक बी न्हाय." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, पण लिंबाखालचा प्रत्येक माणूस ऐकत होता. "खोटं बोलताय तुमी. वाघरीत न्हवती. तुमी झोपला हुता, अन् माळावर मेंढरं आपली हुती."